स्वस्तात मिळालेली स्पोर्ट्स बाईक

नागपूरहून मी जुनी करिझ्मा ३८ हजारांत आणली आणि पहिल्या चार महिन्यांत तिच्यावर २२ हजार घातले. घेतली तेव्हा टाकी चकाकत होती, स्टिकर नवे होते, आवाज घुमत होता. इकडे गडचिरोली जिल्ह्यात अहेरीला पोहोचलो तेव्हा पुढच्या शॉकअपचं तेल गळून ब्रेकच्या डिस्कपर्यंत आलेलं. विकणाऱ्याला मी बोल लावत नाही. त्याने शॉकअप लपवला नव्हता. माझीच नजर टाकीवरून हलली नव्हती.

त्या दिवसापासून एक वही ठेवली आहे. गाडीवर गेलेला प्रत्येक रुपया, तारीख आणि मीटरचा आकडा तीत आहे. या लेखातले भाव त्या वहीतले आणि ओळखीच्या मिस्त्र्यांना विचारून घेतलेले आहेत. शंभर-दोनशे इकडेतिकडे धरून चाला.

अहेरी, नागेपल्ली, आलापल्ली या पट्ट्यात दहा-पंधरा वर्षं जुन्या स्पोर्ट्स गाड्या घेणारी पोरं बरीच दिसतात. कारण सरळ आहे. नवी शंभर सीसीची साधी गाडी कागदपत्रांसह पाऊण लाखाच्या पुढे जाते. तिच्या निम्म्या पैशांत जुनी पल्सर २२० नाहीतर आर-१५ दारात उभी राहते. गोम अशी, की वयाबरोबर गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. तुम्ही गाडी चाळीस हजारांत घेतली असेल, पण तिची क्लचप्लेट, तिची चेन, तिचा मागचा टायर लाखाच्या गाडीचाच आहे आणि दुकानदार तुमच्याकडून त्याच भावाने पैसे घेणार आहे.

सर्व्हिसिंगच्या हिशेबाने या गाड्यांची दोन घराणी पडतात. एक हवेवर थंड होणाऱ्या, कार्ब्युरेटरच्या: १९९९ची सीबीझेड, २००३ची करिझ्मा, कार्ब्युरेटरवाली पल्सर २२०. यांना पाने, स्क्रूड्रायव्हर आणि मिस्त्रीचे कान एवढं पुरतं. दुसरं घराणं रेडिएटर आणि फ्युएल इंजेक्शनचं: २००८ची आर-१५, २०११ची सीबीआर २५०आर, २०१२ची ड्यूक २०० आणि तिच्या पाठोपाठ आलेली ३९०. यांना सेन्सर असतात, मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि तो का लागला हे सांगणारं यंत्र बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच असतं. अहेरीत राहणाऱ्या माणसाने गाडी निवडताना रंग आणि वेग बघण्याआधी हे घराणं बघावं. पहिल्या घराण्याची गाडी बंद पडली तर आलापल्लीच्या नाक्यापर्यंत ढकलत नेऊन भागतं. दुसरीची पडली तर टेम्पो बघावा लागतो.

आपल्याकडे गॅरेजच्या बिलापेक्षा अंतर महाग पडतं. चंद्रपूर इथून सव्वाशे किलोमीटरच्या घरात, गडचिरोलीही जवळपास तेवढंच. सर्व्हिस सेंटरला जाऊन यायचं म्हणजे सात-आठ लिटर पेट्रोल, साडेसातशे-आठशे रुपये. त्यात एक दिवसाची मजुरी किंवा रजा, आणि दुपारी गाडी तयार झाली नाही तर मुक्काम. मग समजतं की हवा तो पार्ट शिल्लक नाही, ऑर्डर करावा लागेल, आठवड्याने या. म्हणजे तीनशे रुपयांच्या ब्रेकपॅडसाठी दोन फेऱ्या आणि दीड-दोन हजारांचा खड्डा. पुण्या-नागपूरच्या मुलांनी सांगितलेला खर्च म्हणूनच आपल्याला लागू पडत नाही. त्यांचं सर्व्हिस सेंटर पुढच्या चौकात असतं.

यावर मी शोधलेला उपाय अगदी साधा आहे. आधी पार्ट हातात, मग गाडी उघडायची. प्रत्येक पार्टला कंपनीचा नंबर असतो. तो नंबर वहीत लिहून ठेवा, जुन्या पार्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, फोनवर दुकानदाराला दोन्ही द्या आणि तुमच्या गाडीचं साल सांगा. साल महत्त्वाचं आहे. आर-१५च्या पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीत टायरपासून फरक आहे. पहिलीचं मागचं चाक १८ इंची, दुसरीचं १७ इंची. नुसतं ‘आर-१५चा टायर द्या’ म्हणाल तर चुकीची वस्तू एसटीच्या पार्सलमधून अहेरी आगारात येऊन पडेल आणि परतीचं भाडं तुमच्या बोकांडी बसेल.

पार्ट आणायच्या वाटा तीन. चंद्रपूर-नागपूर ही नेहमीची. दुसरी प्राणहितेच्या पलीकडची. गुडेमचा पूल झाल्यापासून कागजनगर आणि मंचेरियाल आपल्याला जवळचे झाले आहेत, आणि इथल्या निम्म्या मिस्त्र्यांना तेलुगू येतं, त्यामुळे फोनवर भाव करताना अडत नाही. हैदराबादला कोणी जात असेल तर कोठीजवळच्या पुतलीबावलीतून बंद झालेल्या मॉडेलचे पार्टही मिळून जातात. तिसरी वाट ऑनलाइन. तिथे डुप्लिकेट मालापासून सावध राहावं लागतं. पाकिटावर एमआरपी, पार्ट नंबर आणि होलोग्राम नसेल तर घेऊ नका. पण कंपनीच्या नावाचंच पाकीट हवं असाही हट्ट नको. गाड्यांच्या कंपन्या शॉकअप, क्लच, ब्रेक स्वतः बनवत नाहीत. वाळूजची एन्ड्युरन्स असले पार्ट कंपन्यांना पुरवते आणि स्वतःच्या नावानेही बाजारात विकते. असा माल थोडा स्वस्त पडतो आणि दर्जाला कमी नसतो. जपायचं ते नाव नसलेल्या पाकिटापासून. आणि एक: २२ सप्टेंबर २०२५पासून गाड्यांच्या पार्टवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला आहे. दुकानदाराने त्याआधीच्या एमआरपीचा जुना माल काढला तर या गोष्टीची त्याला आठवण करून द्या.

आता बिलाकडे येऊ. साध्या सर्व्हिसिंगमध्ये तेल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टरची सफाई, प्लग, चेन आणि ब्रेक बघणं एवढं येतं. स्थानिक मिस्त्री याची मजुरी अडीचशे ते चारशे घेतो. तेल करिझ्मा, पल्सर, आर-१५ला साधारण लिटरभर, ड्यूक ३९०ला पावणेदोन लिटरच्या आसपास. साधं तेल चारशेच्या आसपास लिटर, सिंथेटिक आठशे ते अकराशे. ड्यूकवाल्याचं नुसतं तेलच दीड-दोन हजारांचं होतं ते असं. तेलाचा ग्रेड गाडीच्या पुस्तिकेतला घ्या. करिझ्माला १०डब्ल्यू-३०, पल्सरला २०डब्ल्यू-५०, ड्यूकला १५डब्ल्यू-५०. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलेलं असलंच पाहिजे. मोटरसायकलचा क्लच तेलात बुडालेला असतो. कारचं तेल कितीही भारी असलं तरी ते घातलं की क्लच घसरायला लागतो, आणि क्लचप्लेटचा सेट हजार-पंधराशेला पडतो, मजुरी वेगळी.

पुस्तिकेत तेल बदलायचं जे अंतर दिलेलं असतं ते बऱ्या रस्त्यांचं समजा. माझ्या गाडीचं तेल मी अडीच हजार किलोमीटरला बदलतो. त्यामागे कारण आहे. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक ज्या रस्त्यांनी जातात त्या रस्त्यांवर हिवाळा-उन्हाळ्यात तांबडी धूळ तरंगत असते. एटापल्लीकडून येऊन एअर फिल्टरचं झाकण उघडून बघा. आतला कागद गेरूत बुडवल्यासारखा दिसेल. बोटाने टिचकी मारली की धूर निघावा तशी धूळ उडते. ती आत गेली की पिस्टनच्या रिंगा घासते, गाडी निळा धूर सोडते आणि मग बोअर-पिस्टनचं काम येतं: आठ ते पंधरा हजार. कागदी फिल्टर दोन-चारशेला मिळतो. तो धुवायचा नसतो, झटकून दोन-तीनदा वापरायचा आणि बदलायचा. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून, तेलाचा हलका हात देऊन बसवायचा. काही हौशी मुलं आवाजासाठी फिल्टरची पेटीच काढून टाकतात. त्यांच्याविषयी काय बोलावं.

चेनवर मात्र मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्या वहीतलं सगळ्यांत लाजिरवाणं पान तिचं आहे.

चेन बदलायची वेळ आली तेव्हा मिस्त्रीने पूर्ण किट सांगितलं: चेन, पुढची चाकी, मागची चाकी, सगळं मिळून अठराशे. मी म्हटलं, चाक्या अजून चालतील, चेन तेवढी टाका, नऊशेत भागवा. त्याने मागची चाकी माझ्यासमोर धरली. दात सरळ उभे नव्हते, एका बाजूला वाघनखासारखे वाकलेले. “भाऊ, चाकी नाही बदलली त नवी चेन बी जाते,” तो म्हणाला. मी हसून टाळलं. अडीच महिन्यांनी, भर ऑगस्टात, सिरोंचा रस्त्यावर जिमलगट्ट्याच्या पुढे खड्ड्यातून गाडी बाहेर काढताना चेन दातावरून उडाली आणि मागच्या चाकात अडकली. वेग कमी होता म्हणून वाचलो. पावसात दोन तास उभा राहिलो, टेम्पोवाल्याने अहेरीपर्यंत अठराशे घेतले. त्यानंतर किट घेतलंच, म्हणजे आणखी अठराशे. वहीत त्या दिवशी मी बेरीज केली नाही, दुसऱ्या दिवशी केली.

तेव्हा किट पूर्णच बदलायचं. करिझ्मा आणि पल्सरचं दीड ते दोन हजार, आर-१५चं दोन ते तीन, ड्यूक आणि तिची फेअरिंगवाली बहीण आरसी यांचं साडेतीन ते पाच हजार. आपल्या रस्त्यांवर नीट निगा राखली तर पंधरा ते वीस हजार किलोमीटर जातं, नाही राखली तर दहातच संपतं. निगा म्हणजे दर पाचशे किलोमीटरला, आणि पावसाळ्यात प्रत्येक लांब फेरीनंतर, रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये भिजवलेल्या मऊ ब्रशने चेन धुणं, फडक्याने कोरडी करणं आणि ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने थेंबाथेंबाने सोडणं. पेट्रोल वापरू नका, तारेचा ब्रश तर नकोच. ओ-रिंगच्या चेनचे रबर त्याने जातात. जुनं इंजिन ऑइल चेनला चोपडायची आपल्याकडे पद्धत आहे. ते धूळ धरून ठेवतं आणि चेनचा सॅंडपेपर करतं. खालून बोटाने चेन वर-खाली करून बघा: साधारण दोन-तीन सेंटीमीटर हलली पाहिजे. नेमका आकडा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतो. चेन ताणून घट्ट ठेवणारेही मी पाहिलेत. त्याने गिअरबॉक्सचं बेअरिंग जातं आणि ते काम इंजिन उघडल्याशिवाय होत नाही.

फेअरिंगचं प्लास्टिक हा लोकांच्या हिशेबातून सुटणारा खर्च. साध्या गाडीचा प्लग दोन मिनिटांत निघतो. पूर्ण फेअरिंगच्या आर-१५ किंवा आरसीवर कूलंट बदलायचा तर आधी दोन्ही बाजूंचं प्लास्टिक उतरवा, बारीकसारीक स्क्रू सांभाळा, क्लिपा मोडू देऊ नका. पाऊण तास त्यातच जातो आणि मिस्त्री त्याचे पैसे लावतो, लावायलाच हवेत. घाईत एक कान तुटला की पॅनल थरथरायला लागतं आणि नवं पॅनल दोन-अडीच हजारांच्या खाली येत नाही. माझा सल्ला असा की फेअरिंग उतरवलीच आहे तर त्या खेपेला आत जे काही लागतं ते सगळं करून घ्या: कूलंट, प्लग, टॅपेट, वायरिंगवरून एक नजर. आणि स्क्रू ठेवायला घरून स्टीलची ताटली घेऊन जा. हसण्यावारी नेऊ नका. गॅरेजच्या मातीत पडलेला स्क्रू कोणाला सापडलेला मी पाहिला नाही.

कूलंटविषयी एवढंच की रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी कधीही टाकू नका. आपल्या पाण्याने आत खडा धरतो, नळ्या बंद होतात आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की गाडी चौकातच उकळते. तयार कूलंट लिटरला दोन-अडीचशेला मिळतो, दोन वर्षं चालतो. रेडिएटरच्या जाळीतली माती मागून हलक्या पाण्याने काढा. गाड्या धुणारा पंप समोरून लावाल तर जाळीचे पत्रे दुमडतात.

ब्रेकचं तेलही दोन वर्षांनी बदलायचं. ते हवेतलं पाणी शोषतं आणि आपल्या पावसाळ्यात हवेत पाण्याशिवाय दुसरं काय असतं. बाटली शंभर-दीडशेची. ब्रेकच्या तेलाच्या डबीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ हे कोरलेलं असतं, तेच घ्या. ब्रेकपॅड तीनशे ते सहाशे.

टॅपेटची सेटिंग करिझ्मा, पल्सरसारख्या गाड्यांत स्क्रूने होते. इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे रात्रभर उभी ठेवून सकाळी. गाडी चालवत आणलेली असताना मिस्त्री लगेच टॅपेट करायला बसला तर त्याला चहा पाजा आणि थांबवा. सीबीआर २५०आर आणि ड्यूक ३९०मध्ये स्क्रू नसतो, मापाच्या चकत्या बदलाव्या लागतात, त्याला शिम म्हणतात. हे काम रस्त्यावरच्या गॅरेजात करून घेऊ नका. चंद्रपूरची एक फेरी त्यासाठी राखून ठेवा, वीसेक हजार किलोमीटरला एकदा, आणि तीन-चार हजार जवळ असू द्या.

टायर घेताना कडेवर चार आकडे बघा. २३१९ असेल तर तो २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. लहान गावात कमी खपणारे जाड टायर दुकानात पडून राहतात आणि पाच-सहा वर्षं जुना टायर नवा म्हणून बसवला जातो. नक्षी शाबूत असते, रबर लाकूड झालेलं असतं. मागचा जाड टायर तीन ते साडेचार हजार, पुढचा दोन-अडीच हजार.

पेट्रोलचं एक. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि या गाड्या ज्या काळात बनल्या तेव्हा ते डोळ्यांसमोर नव्हतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरचा वाडगा खालच्या स्क्रूने रिकामा करा आणि टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत आतून गंज धरतो. पेट्रोलची रबरी नळी दरवर्षी वाकवून बघा, भेगा दिसल्या तर बदला, पन्नास-शंभरचं काम आहे. नळी फुटली आणि थेंब तापलेल्या इंजिनावर पडले तर काय होतं ते सांगायला नको. आतल्या गावांत बाटलीतलं पेट्रोल घ्यावं लागलंच तर कापडातून गाळून घाला.

आणि नाल्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. भामरागडकडच्या लोकांना हे शिकवायची गरज नाही, पण स्पोर्ट्स बाईकवर बसलेल्या पोराला वाटतं की वेगात निघून जाऊ. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तसं झालंच तर स्टार्टर मारू नका, प्लग काढून पाणी बाहेर काढा. वाकलेल्या रॉडचं बिल गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याला जाऊन भिडतं.

कागदांचा खर्चही सर्व्हिसिंगच्याच वहीत लिहा, कारण तो दरवर्षी येतो आणि विसरला जातो. थर्ड पार्टी विमा सीसीवर ठरतो. १५० सीसीपर्यंत ७१४ रुपये, ३५०पर्यंत १,३६६, त्यावर २,८०४; जीएसटी वेगळा. आर-१५ १४९ सीसीची म्हणून स्वस्त हप्त्यात बसते, करिझ्मा आणि पल्सर २२० मधल्या, ड्यूक ३९० वरच्या. १ एप्रिल २०१९च्या आधीच्या नोंदणीच्या दुचाकीला नवी सुरक्षित नंबरप्लेट लावावी लागते, ४५० रुपये अधिक जीएसटी. गाडीला पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांसाठी, फी हजार रुपये. वीस वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५पासून ती दोन हजार झाली आहे. पर्यावरण कर आणखी वेगळा. पहिल्या लॉटमधली करिझ्मा हौसेने घेणाऱ्यांनी हा आकडा सौद्याच्या वेळी मांडावा.

पुलापलीकडच्या स्वस्त गाडीचा मोह आवरा, किंवा आवरत नसेल तर पुरता हिशेब करा. तेलंगणची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त महाराष्ट्रात वापरायची तर तिकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र, इकडे नवी नोंदणी आणि इकडचा कर भरावा लागतो. मंचेरियालला आठ हजार स्वस्त मिळालेली गाडी एमएच ३३ची होईपर्यंत ते आठ हजार परत मागते. कागद न बदलता चालवणारे आहेत. अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न त्याचाच काढते.

माझ्या वहीच्या हिशेबाने वर्षाला सहा हजार किलोमीटर चालणाऱ्या करिझ्मा-पल्सरला टायर आणि चेनकिटचा वाटा धरून, विम्यासकट, दहा ते बारा हजार लागतात. आर-१५ला बारा ते पंधरा. ड्यूक ३९०ला वीस ते पंचवीस, आणि त्यात काही मोडलं नाही असं धरलंय. पेट्रोल यात नाही. शिवाय घेतल्या घेतल्या पहिल्या वर्षी यावर पंधरा-वीस हजार वेगळे काढून ठेवा, कारण आधीच्या मालकाने ज्या कामांना टाळाटाळ केली ती सगळी तुमच्या वाट्याला येतात. गाडी विकायचं ठरलं की तिच्यावर कोणी खर्च करत नाही. मीही करणार नाही.

म्हणून घेताना सकाळी जा आणि इंजिन थंड असताना स्वतः चालू करा. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. शॉकअपच्या दांड्यांवर बोट फिरवून तेल बघा. पुढचं चाक उचलून हॅंडल डावी-उजवीकडे सावकाश फिरवा. मध्येच अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हॅंडलचं बेअरिंग, गेला आहे. चाकीचे दात बघा. सायलेन्सर मूळचा आहे का बघा; घुमणारा बाहेरचा लावला असेल तर पोलीस तो काढतील ते काढतीलच, पण कार्ब्युरेटरची सेटिंगही बिघडलेली असते. हे सगळं बघून झाल्यावर मग टाकीकडे बघा.

मे महिन्याचे शेवटचे दोन आठवडे या कामांसाठी राखा. मिस्त्र्यांकडे तेव्हा शेतकऱ्यांच्या गाड्यांची गर्दी सुरू व्हायची असते, रस्ते कोरडे असतात, पार्सल वेळेवर येतं. जुलैत गाडी उघडलीत तर पार्ट ज्या बसमध्ये आहे ती बस पुराच्या पलीकडे उभी असू शकते.

एक शेवटचं, आणि हे ज्यांना लागू आहे त्यांना ते आवडणार नाही. रोज पेरमिलीला किंवा एटापल्लीच्या आतल्या गावाला नोकरीवर जाणाऱ्या मास्तरांनी, आशाताईंनी, वनरक्षकांनी ही गाडी एकमेव गाडी म्हणून घेऊ नये. त्यांनी शंभर सीसीची साधी गाडी घ्यावी. माझ्या घरीही ती आहे, आणि करिझ्मा गॅरेजात असते तेव्हा पार्ट आणायला मी तिच्यावरूनच जातो.